मलीसचा धर्मपिता

चान्थूच्या टोपलीतला मांगूर उडी मारून एका परक्या माणसाच्या पायावर पडला, तिथून ही गोष्ट सुरू झाली.

बात्तामबांग शहराच्या बाजारावर पाऊस नुसता कोसळत होता. मासळीवाल्या बायांनी डोक्यावर प्लास्टिकचे कागद ओढले होते. एका छपराखाली माणसं खेटून उभी होती, आणि त्यातच हा — खांद्याला पिशवी, अंगावर भिजलेला शर्ट, चेहऱ्यावर वाट चुकलेल्या माणसाचं हसू. मासा त्याच्या चपलेवरून निसटून गटाराकडे निघाला.

"अहो, धरा त्याला!" चान्थू ओरडली.

त्यानं पिशवी खाली टाकली, वाकला आणि दोन बोटांनी मांगराला मानेमागं असा धरला की काटा टोचायची सोय राहिली नाही. मग तो मासा तिच्यासमोर धरत म्हणाला, "हा तुमचा?"

"माझा असता तर पळाला असता का? तुमच्याकडं आला, तुमचाच म्हणायचा."

"मग शिजवू कुठं? चूल तरी दाखवा."

तिथली ख्मेर भाषा तो नुकतं बोलायला लागलेल्या पोरासारखी बोलत होता. शब्द बरोबर, पण एकेक जपून ठेवल्यासारखा. चान्थूला हसू आलं. ते तिनं गळ्यातल्या क्राम्याच्या, चौकड्यांच्या पंचाच्या, टोकाआड लपवलं.

"मासा धरायला कुठं शिकलात?"

"घरी. वडील कोळी आहेत. गिमारास बेटावर... फिलिपिन्स." मग तो जरा लाजून म्हणाला, "मला नदीकाठच्या बालगृहात जायचंय. चर्चनं पाठवलंय. वर्षभर काम करायला."

चान्थूचं हसू तिथंच विझलं. ती त्याच बालगृहात लहानाची मोठी झाली होती आणि आता तिथंच लहान मुलींना सांभाळत होती. देवाच्या नावानं सेवेला आलेली माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती. मनानं सगळी चांगली. पोरं त्यांच्या अंगावर वेलासारखी चढायची. मग एक दिवस ती माणसं डोळे पुसत विमानात बसायची आणि वेल जमिनीवर पडायचा. तो पुन्हा उभा करायचं काम चान्थूचं.

"चला," ती म्हणाली. "मी तिथलीच. मासा तुम्हीच धरा."

त्याचं नाव आर्नेल.

स्वयंपाकघरातल्या यानमावशीनं त्याला पाहिलं आणि पहिल्याच दिवशी कांदे सोलायला बसवलं. यानमावशी विहारात जाणारी, दर पौर्णिमेला भिक्खूंना जेवू घालणारी. पण फादर ब्रुनोंच्या या बालगृहाची चूल तिनं जन्मभर सांभाळली होती. चान्थूला कोणी तान्ही असताना दारात ठेवून गेलं, तेव्हा मावशीनंच तिला उचललं, मनगटाला दोरा बांधला आणि धर्माची मुलगी केली. जगात चान्थूचं म्हणावं असं माणूस ते एकच.

आर्नेल काम करायचा आणि कामाचा बोभाटा करायचा नाही. त्यानं फुटकी होडी दुरुस्त केली, जाळी विणली, पोरांना सांगके नदीत पोहायला शिकवलं. पहाटे तो पाण्याकाठी गुडघे टेकून प्रार्थना करायचा. चान्थू भांडी घेऊन तिथं जायची आणि तो उठेपर्यंत उगाचच एकच पातेलं घासत राहायची.

"रोज एवढं काय मागतोस देवाकडं?" तिनं एकदा विचारलं. तोवर 'अहो-जाहो' कधीच गळून पडलं होतं.

"मागत नाही, फेडतोय. वादळात बाबांची होडी हरवली होती. आईनं नवस केला, नवरा परत आला तर लेकाचं एक वर्ष देवाच्या लेकरांना देईन. बाबा आले. मग आईनं माझी पिशवी भरली."

"तुला विचारलंच नाही?"

"आमच्या आईला तू ओळखत नाहीस!" तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "पहिल्यांदा नवस आईचा होता. आता... माझाही आहे. आणि तू ते पातेलं किती घासणार? भोक पडेल."

चान्थूनं त्याच्या अंगावर पाणी उडवलं. पण कान तापले ते तापलेच.

असे दिवस जात होते. आंबट कालवणाची चव त्यानंच घ्यायची आणि "मीठ कमी" म्हणायचं, तिनं "जिभेवर उपचार कर" म्हणायचं. प्रहोकचा वास आला की तो नाक धरायचा आणि ती मुद्दाम ती आंबवलेली मासळी त्याच्याच पानात जास्त वाढायची. मावशी चुलीपाशी बसून सगळं बघायची, बोलायची काही नाही. एका संध्याकाळी पावसातून दोरीवरचे कपडे ओढताना दोघांचे हात एकाच चादरीला लागले. चादर भिजत राहिली... कोणीच ओढली नाही.

आणि मग मलीसनं ते विचारलं.

मलीस अकराएक वर्षांची. बोलणं थोडं, बघणं फार. पूर्वी सेवेला आलेल्या एका बाईचा तिला लळा लागला होता. "नव्या वर्षाला परत येईन हं," असं ती बाई सांगून गेली. नव्या वर्षाच्या सणाचे सगळे दिवस मलीस नवा झगा घालून फाटकाशी बसून राहिली. त्यानंतर कितीतरी दिवस ती कोणाशी बोलली नव्हती. त्याच वेळी चान्थूनं मनाशी गाठ बांधली होती — या पोरीला पुन्हा कोणी फसवलं तर त्याची खैर नाही.

मलीसचा बाप्तिस्मा ठरला होता. तिथली रीत अशी की, बाप्तिस्मा घेणाऱ्या पोरानं आपले धर्मपिता आणि धर्ममाता स्वतः निवडायचे आणि सगळ्यांसमोर जेवताना त्यांना विचारायचं. मलीस ताट हातात घेऊन उठली. आधी चान्थूपुढं उभी राहिली.

"ताई, तू माझी धर्ममाता होशील?"

"होईन की गं." चान्थूनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

मग ती आर्नेलपुढं गेली. "दादा, तुम्ही धर्मपिता व्हाल? ताईच्या शेजारी उभं राहायचं असतं."

सगळ्या पोरांनी माना वळवल्या. आर्नेलच्या हातातला चमचा थांबला. त्यानं मलीसकडं पाहिलं, मग चान्थूकडं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"मलीस... मला नाही गं जमणार."

मलीसनं मान हलवली, जसं काही तिला हे माहीतच होतं. मग ती ताट घेऊन विसळायला निघून गेली. ताटात भात तसाच होता.



त्या दिवसापासून मलीस गप्प झाली. चान्थूनंही आर्नेलशी बोलणं टाकलं. त्याच्या पानात प्रहोक वाढायची नाही, मीठ विचारायची नाही. तो मलीससाठी बांबूची होडी करून घेऊन आला. मलीसनं ती हातात घेतलीच नाही; होडी पायरीवर पडून राहिली. रविवारी बाप्तिस्मा आणि सोमवारी आर्नेलची परतीची बस. वर्ष संपलं होतं.

शुक्रवारी चान्थूनं त्याला नदीवर गाठलं.

"एक विचारायचंय. खरं सांग. तू देवासाठी आलास ना इथं?"

"हो."

"मग देवानं एक लेकरू तुझ्यासमोर आणून उभं केलं, तेव्हा तोंड का फिरवलंस? कांदे सोलायला, होड्या दुरुस्त करायला देव, आणि जन्मभराचं नातं म्हटलं की पाय मागं? त्या बाईपेक्षा तू वेगळा कसा?"

"चान्थू, तसं नाही... आमच्याकडं..." तो थांबला. ओला हात शर्टाला पुसत राहिला. "सांगितलं तर तू हसशील. किंवा हसणार नाहीस. मला त्याचीच जास्त भीती वाटते."

"कोडी नको घालू. कारण आहे की नाही?"

"आहे."

"पोरीपेक्षा मोठं?"

त्यानं मान खाली घातली. "ते मला अजून ठरवता येत नाहीये."

"तू ठरवत बस," चान्थू म्हणाली. "ती तिकडं उपाशी झोपते." आणि भांडी तशीच टाकून ती वर निघून गेली. वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी वळलीच. तो तसाच पाण्यात उभा होता.

शनिवारी संध्याकाळी यानमावशीनं त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. समोर पाट, वाटीत गोड भात आणि ताटलीत पांढरा दोरा.

"बस इथं," मावशी म्हणाली. "परवा जाशील. या मुलखात तुझी आई कोण? कोणीच नाही. तुला माझा धर्माचा मुलगा करून घेते. दोरा बांधते, एक घास भरवते, संपलं. पुढं कुठंही असलास तरी ही चूल तुझी."

आर्नेलचे डोळे भरले. त्याला यातलं काय ठाऊक! त्यानं आनंदानं मनगट पुढं केलं. मावशीनं दोरा उचलला...

"नको!"

चान्थू दारात उभी होती. हातातली पाण्याची कळशी कलंडून पाणी तिच्याच पायावर चाललं होतं.

"नको काय गं?" मावशीनं भुवया वर केल्या.

"त्याला... दोरा नको बांधूस."

"का? चांगला मुलगा आहे. भांडलात म्हणून काय झालं?"

"भांडणासाठी नाही!"

"मग?"

आर्नेल एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होता. "मावशी, माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही रे," मावशी शांतपणे म्हणाली. "ही माझी धर्माची मुलगी. तू धर्माचा मुलगा झालास की हिचा भाऊ होशील. आमच्यात ते नातं रक्ताइतकं पक्कं. तेवढंच होईल. त्यात हिला काय खुपतंय, ते हिलाच विचार." आणि दोरा हळूच कमरेला खोचून म्हातारी भात घेऊन बाहेर पडली. जाताना तिचा चेहरा असा होता की, जाळ्यात मासा आलाय पण अजून ओढायचा नाही.



आर्नेल उठला. "चान्थू... मी तुझा भाऊ झालेलं तुला नको आहे?"

तिनं मान हलवली. नको.

"मलाही," तो म्हणाला. "म्हणून मी मलीसला नाही म्हटलं."

"म्हणजे?"

"आमच्या गावात एका लेकराचे धर्मपिता आणि धर्ममाता म्हणून जे शेजारी उभे राहतात, ते बहीण-भाऊ होतात. कायमचे. त्यांनी पुढं लग्न केलं तर पाप. माझ्या मामानं केलं होतं, अजून आई त्याच्या घरचं पाणी पीत नाही. मी फादरना विचारलं. ते म्हणाले, चर्चचा असा काही नियम नाही." तो कसनुसा हसला. "पण फादरना माझी आई माहीत नाही."

चान्थू भिंतीला टेकली. इतके दिवस जो दगड उराशी धरून फिरत होती, तो फोडला तर आत हे निघालं! हसावं की रडावं तिला कळेना. आणि तेवढ्यात तिला ओट्यावर पालथं घातलेलं एक ताट दिसलं. मलीसचं. आजही ती जेवली नव्हती.

"उद्या उभा राहा," ती म्हणाली.

"चान्थू—"

"उभा राहा. ती पोरगी एकदा फाटकाशी बसून सुकलीय. उद्या सगळ्यांसमोर तिच्यामागची जागा रिकामी राहिली तर ती पुन्हा कोणाकडं काही मागणार नाही. देवाकडंही नाही."

"आणि आपण? भाऊ म्हणून चालेन मी तुला?"

"नाही चालणार," चान्थू म्हणाली. आता मात्र रडू आवरेना. "तरी उभा राहा."

त्यानं मान डोलवली आणि तो बाहेर गेला.

रविवारी चर्चमध्ये पंखे फिरत होते तरी चान्थू सारखी कपाळ पुसत होती. मलीस पांढऱ्या झग्यात, केसांची घट्ट वेणी, नजर जमिनीवर. सकाळी यानमावशीनं तिची वेणी घालायला बराच वेळ लावला होता. आता मावशीही मागच्या बाकावर ऐसपैस बसली होती, एरवी ती चर्चची पायरी चढत नसे.

फादर ब्रुनोंनी विचारलं, "या लेकरासाठी कोण उभं राहतं?"

चान्थू पुढं झाली. तिनं मलीसच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. डावा खांदा रिकामा.

मागं बाक करकरलं. आर्नेल उठला होता. तो पांढराफटक पडला होता, पण चालत होता. एकेक पाऊल जवळ येत होतं, आणि चान्थूच्या मनात दोन बाया भांडत होत्या. एक म्हणत होती, ये, शहाणा आहेस, ये. दुसरी नुसतीच डोळे मिटून उभी होती. तो आणखी एक पाऊल पुढं आला, हात उचलला—

"दादा, तुम्ही बसा."

मलीस वळली होती. कित्येक दिवसांत तिनं त्याच्याशी उच्चारलेले हे पहिले शब्द.

"मलीस, मी चुकलो होतो गं. मी उभा राहतो..."

"नको. बसा." मग तिनं फादरकडं मान वर केली. "फादर, एक जण पुरतं का?"

फादर गोंधळले. "हो... एकही पुरतं."

"मग दादांना बसू दे. यानआजीनं काल भिंतीआडून ऐकलं आणि मला सांगितलं, ते इथं उभे राहिले तर ताईचे भाऊ होतील." तिनं जरा विचार केला आणि चर्चभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ताईला भाऊ नकोय."

आधी कोणीतरी खोकलं. मग पोरांच्या बाकावर खसखस पिकली आणि मग सगळं चर्चच हसू लागलं. फादरनी पुस्तक तोंडासमोर धरलं. चान्थूला वाटलं, जमीन दुभंगावी. आर्नेल वाटेतच उभा, हात अजून हवेत.

"पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं," मलीस त्याला म्हणाली. "मला वाटलं, मीच नको आहे."

तो तिथंच गुडघ्यांवर बसला, तिच्या डोळ्यांना डोळे भिडतील असा. "तू हवी आहेस. फार हवी आहेस. माफ करशील?"

"केलं," मलीस म्हणाली. "आता बसा. फादरना उशीर होतोय."

दुपारी अंगणात तांदळाच्या शेवयांचं जेवण झालं. मलीसनं दोनदा मागून घेतलं. गर्दी पांगल्यावर आर्नेल चान्थूजवळ आला.

"उद्या जावंच लागेल. कागदांची मुदत संपतेय. पण मी परत—"

"बोलू नकोस," चान्थू चटकन म्हणाली. "ते वाक्य या अंगणात सगळ्यांनी म्हटलंय. मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं नाही."

तो वळला आणि फाटकातून बाहेर निघून गेला.

दुपार कलली. तो आला नाही. चान्थूनं अंगण झाडलं, झाडलेलंच पुन्हा झाडलं. आपण फार तोडून बोललो का? तिला मागची सगळी माणसं आठवली, जी याच फाटकातून गेली होती. मलीस पायरीवर बसून तिच्याकडं बघत होती, पण काही विचारत नव्हती. ते न विचारणंच फार जड जात होतं.

उन्हं तिरपी झाली तेव्हा फाटकाशी रिक्षा थांबली. आधी फादर ब्रुनो उतरले. मागून आर्नेल — रिक्षावाल्याचा मागून आणलेला इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाह्या आखूड, आणि दोन्ही हातांत तबक. तबकात केळ्यांचा घड, विड्याची पानं आणि सुपारी.

चान्थूच्या हातातला झाडू गळून पडला. तिनं मलीसला ओढलं आणि दोघी स्वयंपाकघरात पळाल्या. बांबूच्या भिंतीला कान लावला. तिच्या मुलखात मुलानं स्वतः तोंड उघडायचं नसतं; थोरल्या माणसानं विचारायचं असतं. आणि मुलीच्या घरात सुपारी फुटली की ते तोंडचं बोलणं राहत नाही. त्यानंतर पाठ फिरवणाऱ्याला पुन्हा गावात तोंड दाखवता येत नाही.

"यानबाई," फादर घसा साफ करत म्हणाले, "आमच्याकडं एक... म्हणजे तुमच्याकडं एक फूल आहे... आणि आमच्या बागेत... नाही, उलट..."

"जन्मभर लग्नं लावलीत फादर, मागणी कधी घातली नाहीत वाटतं!" मावशी म्हणाली. "मुलगा कुठला?"

"मावशी, मीच आहे," आर्नेल काकुळतीनं म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस. मुलाच्या आईला ठाऊक आहे का?"

फादरनी आर्नेलकडं पाहिलं. "आता सांग बाबा."

"बाजारातून फोन केला. आईनं एकच विचारलं, बाप्तिस्म्याला उभा राहिलास का? मी म्हटलं, राहत होतो, पोरीनं खाली बसवलं. मग म्हणाली, त्या पोरीला माझ्याकडून मुका दे. रीतीनं मागणी घालायला आम्ही दोघं येतोच, पण तोवर मुलीचं घर नुसत्या शब्दावर सोडून निघू नकोस."

आत मलीसनं चान्थूचा हात घट्ट धरला.

बाहेर अडकित्ता उघडल्याचा आवाज आला, आणि मावशीचा.

"आत कोण आहे गं? चुलीवर काही ठेवलंय, की नुसतेच कान भिंतीला? सुपारी हातात आहे. काय करू?"



"फोड, आजी!" मलीस ओरडली.

"तुला नाही विचारलं!"

भिंतीच्या फटीतून चान्थूला आर्नेलचे पाय दिसत होते. एका जागी, न हलता उभे.

"फोड," ती म्हणाली.

कट्.